मेमरी अ‍ॅक्सेसचा ट्रेस काढला, आता त्यावरून व्हर्च्युअल मेमरी सुधारायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६ जीबी रॅमच्या लिनक्स मशीनवर एक जावा सर्व्हिस आणि पोस्टग्रेस डेटाबेस शेजारी शेजारी चालतात, लोड वाढला की स्वॅप सुरू होतं (रॅममधला डेटा डिस्कवर जायला लागतो) आणि सगळं रखडतं. विचारणाऱ्यांनी व्हॅलग्रिंडचं लॅकी टूल लावून सगळे मेमरी अ‍ॅक्सेस लॉग केले, फाइल डिस्क भरेपर्यंत वाढली, आणि आता त्या फाइलवरून कर्नलचं पेज रिप्लेसमेंट (रॅम भरली की कोणतं पेज, म्हणजे मेमरीचा ठराविक तुकडा, बाहेर काढायचं ते ठरवणं) कसं सुधारायचं हे त्यांना हवंय. प्रोजेक्टसाठी नवीन अल्गोरिदम लिहायचाही विचार आहे म्हणतात.

आधी सरळ उत्तर देतो मग खोलात जाऊ. पूर्ण ट्रेस वापरायचा तो एवढंच मोजायला की सुधारायला जागा किती शिल्लक आहे. पॉलिसी मात्र त्याच्यावरून लिहायची नाही, कारण चालत्या मशीनवर कर्नलला त्या ट्रेसमधलं जवळपास काहीच दिसत नाही, त्याला दिसतो पेजमागे एक बिट आणि फॉल्ट (मागितलेलं पेज जागेवर मिळालं नाही ही सूचना) झाला तर फॉल्ट, बस्स. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये गाडी इथेच अडकते, ट्रेसवर झकास चालणारा अल्गोरिदम होतो आणि कर्नलमध्ये घालायची वेळ आली की कळतं त्याला लागणारी माहिती तिथे कोणी देतच नाही.

आता फाइल एवढी का फुगली त्याचा साधा हिशोब. ३ गिगाहर्ट्झचा एक कोअर घ्या, दर तीनचार इन्स्ट्रक्शनमागे एक लोड किंवा स्टोअर धरा, म्हणजे सेकंदाला ढोबळमानाने १ अब्ज अ‍ॅक्सेस. एकेकाला ८ बाइट धरले तरी सेकंदाला ८ जीबी होतात. लॅकी तर टेक्स्टमध्ये ओळ छापतो, प्रकाराचं अक्षर, मग अ‍ॅड्रेस, मग साइझ, म्हणजे ओळीला पंधरा एक बाइट, त्यामुळे मिनिटभराच्या खऱ्या कामाचा ट्रेस टेराबाइटच्या घरात जातो. आणि त्यातले इन्स्ट्रक्शन फेच तुम्ही गाळले नसतील तर त्याच्याही पुढे.

पण साइझ हा खरं तर छोटा प्रॉब्लेम आहे. मोठा प्रॉब्लेम हा की ट्रेसमध्ये जे आहे ते तुमच्या मशीनवर घडतच नाही. व्हॅलग्रिंड एका वेळी एकच थ्रेड चालवतो, तुमच्याकडे आठ कोअर असले तरी, आणि शिवाय सगळं कितीतरी पट हळू होतं, त्यामुळे टाइमआउट होतात, कनेक्शन तुटतात, आणि नेहमीच्या वेगात कुठला थ्रेड कोणत्या डेटाला कधी हात लावतो हा क्रमच बदलतो. दुसरं म्हणजे त्याला फक्त यूजर स्पेस दिसते. पोस्टग्रेस फाइल वाचताना रीड सिस्टिम कॉल करतो, पेज कॅशमधून (कर्नलने रॅममध्ये ठेवलेली फाइलच्या डेटाची प्रत) बफरमध्ये कॉपी करायचं काम कर्नल करतो, आणि ती पेज कॅशमधली पेजं तुमच्या ट्रेसमध्ये कुठेच येत नाहीत. पोस्टग्रेस पेज कॅशवर भरपूर विसंबून असतो, म्हणजे तुमच्या डेटाबेसची जी मेमरी खरी भांडणाची आहे तीच गायब. तिसरं, पोस्टग्रेसचे सगळे बॅकएंड (एकेका कनेक्शनमागची प्रोसेस) एकच शेअर्ड बफर मॅप करून बसतात, प्रोसेसवार ट्रेस घेतलात तर तेच पेज पाच वेळा पाच पेजं म्हणून मोजलं जाईल. कोणी म्हणेल फिजिकल अ‍ॅड्रेस घ्या, पेजमॅप फाइलमधून रूट असेल तर मिळतो, पण पेज स्वॅपला जाऊन परत आलं की त्याचा फिजिकल नंबर बदलतो, त्यामुळे तोही ओळख म्हणून चालत नाही. फाइलची पेजं आयनोड (फाइलचा आतला नंबर) आणि ऑफसेटवरून ओळखा, अ‍ॅनॉनिमस पेजं (हीपसारखी, फाइलशी न जोडलेली) प्रोसेस आणि व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसवरून, आणि शेअर्ड मेमरी त्या सेगमेंटमधल्या ऑफसेटवरून.

एवढं सांगूनही मी ट्रेस फेकून द्या म्हणत नाहीये. छोट्या, एका थ्रेडच्या प्रोग्रामसाठी लॅकी ठीक आहे, मोठ्यासाठी इंटेलचं पिन घ्या, आणि काहीही घेतलंत तरी डिस्कवर लिहायच्या आधीच चाळून घ्या. ४ केबीचं पेज म्हणजे अ‍ॅड्रेसचे खालचे १२ बिट तुमच्या काही कामाचे नाहीत, ते टाका. लागोपाठ त्याच पेजवर झालेले अ‍ॅक्सेस एकच धरा. ह्यानेच बरंच आटोपतं. त्यापुढे जायचं असेल तर टूलमध्येच एक छोटी एलआरयू लिस्ट (ज्याचा वापर सगळ्यात जुना ते आधी बाहेर) ठेवा, समजा हजार पेजची, आणि जो अ‍ॅक्सेस तिच्यात सापडतो तो लिहूच नका. १६ जीबी म्हणजे जवळपास ४२ लाख पेजं, एवढ्या मेमरीचा अभ्यास करताना शेवटच्या हजार पेजमध्ये काय उड्या मारल्या ह्याने उत्तरात नगण्य फरक पडतो. अगदी काटेकोर उत्तर हवं असेल, म्हणजे एलआरयूचे फॉल्ट एकानेही चुकता कामा नयेत, तर स्कॉट कॅप्लन, स्मारागडाकिस आणि पॉल विल्सन ह्यांनी १९९९ मध्ये नेमकी कोणती रेफरन्स गाळली तर उत्तर बदलत नाही ते दाखवून दिलंय, ती पद्धत वापरा. रीड की राइट हा एक बिट मात्र ठेवा, कारण डर्टी पेज (ज्यात बदल झालाय ते) काढायला आधी डिस्कवर लिहावं लागतं आणि क्लीन पेज नुसतं सोडून देता येतं, ह्या दोघांची किंमत सारखी धरून काढलेला निष्कर्ष पुढे फसवतो.

आता सिम्युलेटर. लिहिलात की आधी ह्या बारा आकड्यांवर चालवा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. प्रत्येक आकडा म्हणजे एक पेज, आणि तीन फ्रेमला (रॅममध्ये तीन पेजची जागा) फिफोचे (आधी आलं ते आधी बाहेर) ९ फॉल्ट यायला हवेत आणि चार फ्रेमला १०, हो, मेमरी वाढवली तर फॉल्ट वाढतात, हीच ती १९६९ ची बेलाडीची विसंगती. एलआरयूचे तीनला १० आणि चारला ८. आणि पुढचं सगळं आधीच माहीत असणाऱ्या आदर्श अल्गोरिदमचे तीनला ७, चारला ६. हे सहाच्या सहा आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, कोडमध्ये कुठेतरी एक इकडे तिकडे झालंय.

तो आदर्श अल्गोरिदम म्हणजे आयबीएममध्ये बेलाडीने १९६६ मध्ये मांडलेला, ज्या पेजची पुढची गरज सगळ्यात लांब आहे ते काढा. चालत्या सिस्टिममध्ये तो अशक्य, कारण भविष्य कोणाला दिसतंय, पण ट्रेस हातात असला की भविष्य हातातच आहे, फाइल उलटी वाचत जा आणि प्रत्येक अ‍ॅक्सेसला पुढचा अ‍ॅक्सेस कधी ते लिहून ठेवा. पूर्ण ट्रेस घेण्याचं माझ्या मते खरं कारण हेच. तुमच्याकडे मग तीन आकडे येतात, आदर्शाचे फॉल्ट, शुद्ध एलआरयूचे फॉल्ट, आणि खऱ्या कर्नलने खऱ्या रनमध्ये केलेले फॉल्ट. कर्नल आणि आदर्श ह्यांच्यात थोडंसंच अंतर असेल तर अल्गोरिदमचा नाद सोडा, रॅम टाका किंवा अ‍ॅप्लिकेशनची भूक कमी करा, जगातला कोणताही अल्गोरिदम तुम्हाला त्या थोड्याशा अंतरापेक्षा जास्त देऊ शकत नाही. अंतर मोठं असेल तरच पुढचं सगळं वाचण्यात अर्थ आहे.

हे एकाच मेमरी साइझला करून भागत नाही, सगळ्या साइझला हवं, आणि त्यासाठी सिम्युलेटर शंभर वेळा चालवायची गरज नाही. मॅटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये आयबीएममध्येच दाखवलं की एलआरयूसारख्या अल्गोरिदममध्ये छोट्या मेमरीत जे असतं ते मोठ्या मेमरीत असतंच, त्यामुळे प्रत्येक अ‍ॅक्सेसला एवढंच विचारायचं, हे पेज मागच्या वेळी वापरल्यापासून मध्ये किती वेगवेगळी पेजं वापरली गेली? त्या अंतराचा हिस्टोग्राम काढला की एका फेरीत सगळ्या साइझचा फॉल्टचा आलेख तयार. फिफोला हे चालत नाही, वरची विसंगती त्यामुळेच होते. लिस्टमध्ये शोधत बसलात तर जन्म जाईल, फेनविक ट्री किंवा बॅलन्स्ड ट्री वापरा. तरीही जड वाटत असेल तर पेज नंबरचा हॅश करून शंभरातली एकच पेजं निवडा, फक्त त्यांचाच ट्रेस ठेवा आणि आलेलं अंतर शंभराने गुणा. २०१५ मध्ये वॉल्डस्पर्गर मंडळींनी शार्ड्स नावाने हे मांडलं आणि आश्चर्य वाटेल इतकं अचूक येतं. महत्त्वाचं एवढंच की सँपलिंग पेजचं करायचं, अ‍ॅक्सेसचं नाही. दर शंभरावा अ‍ॅक्सेस घेतलात तर पुनर्वापराचं अंतर काहीच्या काही येईल.

तो आलेख वाचायचा कसा हे जास्त महत्त्वाचं. हळूहळू उतरत जाणारा आलेख असेल तर एलआरयू छान काम करतोय, जास्त मेमरी म्हणजे तेवढे कमी फॉल्ट. पण सपाट, सपाट, सपाट आणि मग अचानक कडा, असा असेल तर कुठेतरी लूप आहे. समजा मेमरी १००० पेजची आहे आणि प्रोग्राम १००१ पेजं ओळीने परत परत वाचतोय. एलआरयू दर वेळी नेमकं तेच पेज काढतो जे लगेच पुढे लागणार आहे, म्हणजे हजार अ‍ॅक्सेसला हजार फॉल्ट. आदर्श अल्गोरिदमला तेवढ्यातच एक फॉल्ट येतो. एक पेज कमी पडलं म्हणून हजारपट फरक! डेटाबेसचे मोठे स्कॅन, बॅकअप, रात्रीचे रिपोर्ट ह्या सगळ्यात हाच प्रकार असतो, आणि एलआरयू सुधारायचे जेवढे प्रयत्न झाले त्यातले बहुतेक ह्या एका दुखण्यावरचे आहेत.

आणि एक राहिलंच, तुमचा सिम्युलेटर एका फॉल्टला एक पेज आणत असेल, कर्नल तसं करत नाही. स्वॅपमधून वाचताना पेज-क्लस्टरची डीफॉल्ट व्हॅल्यू ३ आहे म्हणजे एका वेळी ८ पेजं, फाइलसाठी रीडअहेड (पुढचं आधीच वाचून ठेवणं) साधारण १२८ केबी म्हणजे ३२ पेजं. ओळीने वाचणाऱ्या प्रोग्रामचे सिम्युलेटरमधले फॉल्ट आणि खरे फॉल्ट ह्यात त्यामुळे कैकपट तफावत येते, ती बघून घाबरू नका, रीडअहेड सिम्युलेटरमध्ये घाला.

आता दुसरी बाजू, कर्नलला काय दिसतं. एक्स८६ मध्ये पेज टेबलच्या (कोणतं व्हर्च्युअल पेज रॅममध्ये कुठे आहे त्याचा तक्ता) प्रत्येक एंट्रीत एक अ‍ॅक्सेस्ड बिट असतो आणि एक डर्टी बिट. पेजला हात लागला की प्रोसेसर अ‍ॅक्सेस्ड बिट १ करतो, परत ० करायचं काम कर्नलचं. सोसायटीचा वॉचमन रात्री पार्किंगमधल्या गाड्यांच्या टायरवर खडूने रेघ मारून ठेवतो आणि सकाळी बघतो कोणाची पुसली गेलीये, तसंच हे, गाडी हलली एवढं कळतं, एकदा हलली की दहादा, कधी हलली, कुठे गेली, काही कळत नाही. कळायचं असेल तर फेऱ्या वाढवा, आणि फेऱ्यांचे पैसे लागतात.

हा बिट काही नवा नाही, १९६२ च्या मँचेस्टरच्या अ‍ॅटलासमध्येही पेज वापरलं की नाही ते हार्डवेअर टिपून ठेवायचं. गंमत म्हणजे नंतरच्या व्हॅक्स मशीनमध्ये तो नव्हताच. बर्कलीत बाबाओग्लू आणि बिल जॉय ह्यांनी युनिक्सला व्हॅक्सवर पेजिंग शिकवलं तेव्हा त्यांनी पेजं मुद्दाम इनव्हॅलिड करून ठेवली, कोणी हात लावला की फॉल्ट येतो आणि तेव्हा सॉफ्टवेअरने नोंद करायची. १९८१ मध्ये त्यांनी हे लिहून छापलं. आर्म प्रोसेसरमध्येही आर्किटेक्चरच्या ८.१ आवृत्तीच्या आधी हे काम सॉफ्टवेअरलाच फॉल्ट घेऊन करावं लागायचं. तेव्हा तुमचं टार्गेट एखादं स्वस्त आर्म बोर्ड असेल तर खडूची प्रत्येक रेघ तिथे एक फॉल्ट आहे हे लक्षात ठेवून मोजमापाचा वेग ठरवा.

आता ह्या एका बिटावर एलआरयू कसा चालणार? चालत नाहीच. शुद्ध एलआरयू म्हणजे प्रत्येक अ‍ॅक्सेसला पेज लिस्टच्या तोंडाशी आणायचं, आणि प्रत्येक अ‍ॅक्सेसला कर्नल चालवायचा म्हणजे मशीन बैलगाडीपेक्षा हळू होईल. म्हणून मल्टिक्स ह्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून क्लॉक आणि त्याचे भाऊबंद वापरले जातात, काटा फिरतो, बिट १ असेल तर ० करून पुढे, ० असेल तर पेज बाहेर. निम्रोद मेगिद्दो आणि धर्मेंद्र मोधा ह्यांनी आयबीएममध्ये २००३ साली एआरसी हा अल्गोरिदम आणला (मोधा आपल्या आयआयटी मुंबईचे), एकदाच होणारे मोठे स्कॅन छान सांभाळतो, झेडएफएस फाइल सिस्टिममध्ये त्याचीच बदललेली आवृत्ती आहे. पोस्टग्रेसनेही ८.० मध्ये घेतला होता, पण आयबीएमच्या पेटंटमुळे ८.०.२ मध्ये काढून टाकला. पण तो फाइल सिस्टिम किंवा डेटाबेसच्या कॅशमध्ये का चालतो? कारण तिथे प्रत्येक रीड एका फंक्शनमधून जातो, हिट (पेज आधीच आत सापडणं) दिसतो. मॅप केलेल्या मेमरीत हिट दिसतच नाही, म्हणून मग सोरव बन्सल आणि मोधा ह्यांनी पुढच्याच वर्षी त्याची क्लॉकवाली आवृत्ती काढली. तुमच्या प्रोजेक्टच्या अल्गोरिदमलाही पहिला प्रश्न हाच विचारा, ह्याला हिट दिसावा लागतो का? लागत असेल तर तो व्हर्च्युअल मेमरीसाठी नाही.

लिनक्सवर हा बिट बाहेरून बघायचे तीन रस्ते आहेत. जुना रस्ता म्हणजे प्रोकमधल्या क्लिअर-रेफ्स फाइलमध्ये १ लिहायचं, थोडा वेळ थांबायचं, मग एसमॅप्समधला रेफरन्स्डचा आकडा वाचायचा. पटकन अंदाजाला ठीक, पण तुम्ही पुसलेला बिट कर्नललाही पुसलेलाच दिसतो, म्हणजे मोजता मोजता तुम्ही रिक्लेम (पेजं काढून मेमरी मोकळी करायचं कर्नलचं काम) बिघडवता. स्वॅप चालू असलेल्या मशीनवर हे करू नका. दुसरा, कर्नलच्या ४.३ आवृत्तीपासून आलेलं आयडल पेज ट्रॅकिंग, ह्यात पुसलेल्या बिटाची आठवण वेगळी ठेवतात त्यामुळे रिक्लेमला धक्का लागत नाही, पण एकेक पेज उलट्या मॅपिंगवरून (पेजवरून त्याच्या पेज टेबलमधल्या एंट्री) शोधत जायचं म्हणजे मोठ्या मशीनवर सीपीयू खातं. तिसरा आणि मी आज सुचवेन तो कर्नलमधलाच डेमन (DAMON), सोंगजे पार्क ह्यांनी लिहिलेला, ५.१५ मध्ये म्हणजे २०२१ मध्ये आला. तो मेमरीचे रीजन (सलग तुकडे) पाडतो, प्रत्येक रीजनमधलं एकच पेज तपासतो, शेजारचे दोन सारखे वागले तर जोडतो, नंतर परत तोडून बघतो. डीफॉल्टला दर ५ मिलिसेकंदाला सँपल, दर १०० मिलिसेकंदाला बेरीज, आणि रीजन जास्तीत जास्त १०००. म्हणजे मेमरी १६ जीबी असो की एक टीबी, खर्चाला वरचं टोक ठरलेलं. ह्याचं चित्र तुमच्या लॅकीच्या फाइलपेक्षा शंभरपट ढोबळ असेल पण ते खऱ्या लोडखाली, सगळे थ्रेड चालू असताना काढलेलं असेल, आणि मला दोन्हीतलं एक निवडायला सांगाल तर मी हेच निवडेन.

सँपलिंगने भागतं ह्यावर विश्वास बसत नसेल तर व्हीएमवेअरचा ईएसएक्स बघा, २००२ मध्येच त्यांनी लिहिलंय की प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची फक्त १०० पेजं दर ३० सेकंदाला रँडम निवडून बघितली की किती मेमरी नुसतीच पडून आहे ह्याचा अंदाज येतो. गुगलनेही २०१९ मध्ये छापलं की त्यांचा स्कॅनर दर १२० सेकंदांनी अ‍ॅक्सेस्ड बिट बघतो, आणि तेवढ्या वेळात हात न लागलेली मेमरी सरासरी ३२ टक्के भरली, त्यातली काही ते कॉम्प्रेस करून ठेवतात. दोन मिनिटांना एक बिट! ह्याच्यावर आख्ख्या डेटा सेंटरची मेमरी वाचवली जाते.

बिट वाचताना दोन खड्डे आहेत ते सांगून ठेवतो. पहिला टीएलबी, म्हणजे पेज टेबलमधल्या एंट्रींची प्रोसेसरमधली छोटी कॅश. बिट ० केला तरी टीएलबीमध्ये जुनी एंट्री असेपर्यंत प्रोसेसर पेज टेबलकडे जातच नाही, त्यामुळे पेज वापरात असूनही बिट ० च राहू शकतो. एक्स८६ वर कर्नल मुद्दाम टीएलबी फ्लश करत नाही, फ्लश महाग आणि थोडी चूक चालते म्हणून. त्यामुळे फार जवळजवळची सँपल घेतलीत तर सगळ्यात गरम पेजंच गार दिसण्याचा चमत्कार होतो. दुसरा खड्डा ह्यूज पेज. २ एमबीच्या पेजला एकच बिट, म्हणजे ५१२ छोट्या पेजमधल्या एकाला जरी हात लागला तरी सगळी ५१२ गरम. तुमचं वर्किंग सेट (खरोखर वापरात असलेली मेमरी) १२ जीबी दिसत असेल तर ट्रान्सपरंट ह्यूज पेज बंद करून परत मोजा, आकडा धाडकन खाली येण्याची बरीच शक्यता. मोजून झालं की परत चालू करा, टीएलबीच्या दृष्टीने ती चांगलीच आहेत.

लिनक्सच्या पर्फ मेम टूलचं पण कोणीतरी सुचवेल म्हणून लिहितो. इंटेलचं पेब्स, एएमडीचं आयबीएस, आर्मचं एसपीई, ही सगळी हार्डवेअर सँपलिंगची साधनं, मधूनमधून एका लोडचा अ‍ॅड्रेस आणि त्याला किती वेळ लागला ते देतात. फारच स्वस्त आणि खऱ्या वेगात. पण ह्यात गरम पेजं दिसतात, ज्याला वारंवार हात लागतो तेच सँपलमध्ये येणार, आणि स्वॅपला कोणाला पाठवायचं हे ठरवायला आपल्याला गार पेजं हवी असतात. सँपलमध्ये न आलेलं पेज गार आहे की नुसतं हुकलं हे कळायला मार्ग नाही. मेमरीच्या दोन पातळ्या असतील, जवळची वेगवान आणि सीएक्सएल ह्या जोडणीवरची सावकाश, आणि कोणतं पेज वर आणायचं एवढंच विचारायचं असेल तर पेब्स एक नंबर. तुमच्या प्रश्नाला नाही.

कर्नल स्वतःच एक ट्रेस ठेवतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. योहानेस वायनर ह्यांनी ३.१५ मध्ये, २०१४ साली, हे घातलं. फाइलचं पेज बाहेर काढताना त्याच्या जागी एक छोटी चिठ्ठी ठेवली जाते, त्या वेळचा इव्हिक्शनचा काउंटर किती होता. तेच पेज परत मागितलं गेलं की आताच्या काउंटरमधून तो वजा करायचा, म्हणजे ते बाहेर असताना मध्ये किती पेजं गेली ते कळतं. अंतर कमी निघालं तर आपण काढायला नको होतं, पेज सरळ अ‍ॅक्टिव्ह लिस्टवर. ५.९ पासून अ‍ॅनॉनिमस पेजनाही हे लागू झालं. बघा की, मॅटसनचंच अंतर आहे हे, फक्त सगळ्या अ‍ॅक्सेसचं न मोजता जे अ‍ॅक्सेस आपल्याला महागात पडले तेवढ्यांचंच. ह्याहून स्वस्त ट्रेस मला माहीत नाही. व्हीएमस्टॅट फाइलमध्ये वर्किंगसेट-रिफॉल्टचे दोन आकडे आहेत, अ‍ॅनॉन आणि फाइल, दर मिनिटाला दोन्ही लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट आजच लावा. आणि नेमक्या कोणत्या फाइलची पेजं परत परत येतायत ते हवं असेल तर पेज कॅशमध्ये पेज घातल्याचा ट्रेसपॉइंट कर्नलमध्ये आहेच, त्यात डिव्हाइस, आयनोड, ऑफसेट सगळं मिळतं, आणि तो फक्त मिसला वाजतो त्यामुळे फाइल फुगत नाही.

६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ ला, गुगलच्या यू झाओ ह्यांचं मल्टिजनरेशन एलआरयू आलं. अ‍ॅक्टिव्ह आणि इनअ‍ॅक्टिव्ह अशा दोन लिस्टऐवजी पेजच्या चारपर्यंत पिढ्या, आणि एकेका पेजवरून उलटं मॅपिंग शोधत जाण्याऐवजी पेज टेबलच ओळीने चालत जायचं, कारण गरम पेजं शेजारी शेजारी असतात. नवीन अल्गोरिदम लिहायच्या आधी ह्याला हरवता येतं का ते बघा, तुलना ह्याच्याशी करा, पुस्तकातल्या क्लॉकशी केलेली तुलना आता कोणी मनावर घेत नाही.

आता तुमच्या मशीनबद्दल. जावा आहे म्हटल्यावर मला पहिला संशय गार्बेज कलेक्टरवर (न लागणारे ऑब्जेक्ट साफ करणारा जावाचा भाग). कलेक्टर हीपमध्ये जिवंत ऑब्जेक्ट शोधत फिरतो तेव्हा जवळपास सगळ्या हीपला हात लावतो, म्हणजे सगळे अ‍ॅक्सेस्ड बिट १. अ‍ॅप्लिकेशनने तासभर न बघितलेलं पेजही ताजं दिसतं, आणि हीपचा काही भाग स्वॅपला गेला असेल तर कलेक्शन म्हणजे तोच वरचा १००१ पेजचा लूप, एका पॉझमध्ये सगळं परत आत ओढायचं. एनव्हीएमई डिस्कचा एक रीड १०० मायक्रोसेकंदाच्या आसपास, रॅमचा १०० नॅनोसेकंदाच्या आसपास, हजारपट, तेव्हा पॉझ का लांबतो ते वेगळं सांगायला नको. ह्याला कोणताही रिप्लेसमेंट अल्गोरिदम पुरा पडत नाही, कारण त्याला मिळणारा सिग्नलच कलेक्टरचा आहे. मी अशा ठिकाणी एकच करतो, हीपची कमाल मर्यादा रॅममध्ये मावेल एवढी बांधायची आणि जावाच्या सीग्रुपला (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालायची कर्नलची सोय) स्वॅपची मर्यादा ० ठेवायची. आलेला त्रास मग पेज कॅशवर जातो, आणि त्याचं काय करायचं ते कर्नलला चांगलं जमतं.

मग कागदावर बेरीज करा: जावाची हीप, तिच्या बाहेरची जावाची मेमरी (ही लोक विसरतात, थ्रेडचे स्टॅक, कोड कॅश, डायरेक्ट बफर), पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर, प्रत्येक कनेक्शनची वर्क मेमरी, आणि पेज कॅशला निदान काहीतरी. ही बेरीज १६ च्या वर जात असेल तर आधी ती खाली आणा, बहुतेक वेळा इथेच विषय मिटतो आणि ट्रेसची गरजच पडत नाही. पोस्टग्रेसचा तोच डेटा शेअर्ड बफरमध्येही आणि पेज कॅशमध्येही असतो हे धरून चला. रात्रीचं बॅकअप पेज कॅश धुऊन काढत असेल तर ते वेगळ्या सीग्रुपमध्ये टाकून त्याला मेमरीची मर्यादा घाला, त्याची पेजं मग तो आपापसात काढत बसतो. कोड तुमच्या हातात असेल तर मॅडव्हाइज हा सिस्टिम कॉल आहे, ५.४ पासून कोल्ड आणि पेजआउट असे दोन सल्ले देता येतात, आता लागणार नाही हे कर्नलने बिटावरून ओळखण्याऐवजी प्रोग्रामनेच सांगितलेलं केव्हाही बरं. कोड हातात नसेल तर डेमनलाच नियम देता येतो, अमुक सेकंद हात न लागलेला रीजन बाहेर काढ, आणि ५.१६ पासून त्यासाठी तयार मॉड्यूलही आहे. बाहेर म्हणजे आधी झेडस्वॅपमध्ये (पेजं कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवायची सोय) जाऊ द्या, कॉम्प्रेस केलेलं पेज परत आणायला काही मायक्रोसेकंदच लागतात, डिस्कपेक्षा कितीतरी कमी.

सुधारलं की नाही हे फॉल्टच्या संख्येवरून ठरवू नका, मायनर फॉल्ट (डिस्कवर न जाता मिटणारे) त्यात मिसळलेले असतात आणि सगळे मेजर फॉल्टही (डिस्कवर जावं लागणारे) सारखे नसतात. ४.२० पासून प्रेशरच्या फाइल आहेत, मेमरीसाठी थांबण्यात किती टक्के वेळ गेला तो आकडा थेट मिळतो, सम (काही कामं थांबली) आणि फुल (सगळीच थांबली) असा, दहा, साठ आणि तीनशे सेकंदांचा, आणि सीग्रुपवारही. टेस्टसाठी १६ जीबीचं मशीन भरत बसायची गरज नाही, सीग्रुपची मर्यादा खाली आणत जा, १२, १०, ८, ६ जीबी, प्रत्येक ठिकाणी तोच लोड चालवा, रिफॉल्ट आणि प्रेशर नोंदवा, आणि ते बिंदू तुमच्या ट्रेसवरून काढलेल्या आलेखावर टाका. बिंदू एलआरयूच्या रेषेजवळ पडले तर कर्नल त्याचं काम करतोय, बरेच वर असले तर ह्यूज पेज, रीडअहेड किंवा कलेक्टर ह्यातलं काहीतरी आडवं येतंय. प्रत्येक साइझला मल्टिजनरेशन एलआरयू चालू आणि बंद असे दोन्ही रन घ्या, स्विच चालू मशीनवर फिरवता येतो, रीबूट लागत नाही, फक्त फिरवल्यावर पहिली काही मिनिटं मोजणीत धरू नका, पिढ्या भरायला वेळ लागतो. हे आकडे घेऊन परत विचारलंत तर अल्गोरिदमबद्दल बोलता येईल.